मधलं पान

शहादेवच्या खाण्याची बीडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चेष्टा व्हायची आणि त्याला ती आवडायची. हमालांचा हा मुकादम सकाळभर करडईच्या पोत्यांमागं घसा फोडून ओरडायचा, पण ऊन डोक्यावर आलं की त्याचं तोंड बंद व्हायचं आणि नाक चालू व्हायचं. "मुकादमाला बाईच्या चुलीचा सांगावा आला बे," असं हमाल एकमेकांना म्हणायचे. तोवर मुकादम जोडे पायांत सरकवून कचेरीमागच्या बोळाकडे निघालेला असायचा.

त्या बोळात रुक्मिणीबाईची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर एक लांबट ओसरी, शेणानं सारवलेली. एका भिंतीला पाट मांडलेले, आतल्या अंगाला चूल. बाईच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं घरात मटणाचं नावही निघत नसे. पण तिच्या हातची कालवणं खाऊन मटणाची आठवण काढणारा माणूस अजून बीडात जन्मला नव्हता. वांगी अशी भरायची की देठासकट चोखावीत. अंबाडीच्या भाजीवर लसणाचं तेल ओतलं की चर्र आवाज बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा. थंडीत हुलग्याचे शेंगोळे, पावसाळ्यात शेंगदाण्याची लालभडक आमटी. कचेरीतल्या कारकुनांपासून गाडीवानांपर्यंत सगळे तिच्याकडं जेवायचे आणि सगळे एकाच ओळीत बसायचे, कारण दुसऱ्या ओळीला जागाच नव्हती. जो आधी आला तो आधी बसला. बाई पान मांडताना नाव-गाव विचारत नसे.

शहादेव तिथं जेवायला लागला तो मुळात या एका गोष्टीसाठी. चव नंतर कळली.

तर हा असा खाण्यात रमणारा माणूस, बाई येसर आमटी करायची त्या दिवशी मात्र वेगळाच व्हायचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ. आमच्या मुलखात लग्नकार्याला, मोठ्या जेवणावळीला त्याचीच आमटी लागते. ती घट्ट, काळपट, वर तेलाचा तवंग असलेली आमटी पानावर आली की इतर लोक खुलायचे. शहादेव खाली मान घालून जेवायचा. चवीनं जेवायचा, तीनतीनदा घ्यायचा, पण कुणाशी बोलायचा नाही. रुक्मिणीबाईनं एकदा विचारलं, "कावून हो मुकादम, आमटी बिघडली का?" तो म्हणाला, "न्हाई बाई. लई चांगली झालीया. म्हणून तर."

यात लपवण्यासारखं काही नाही, सांगूनच टाकावं. वडवणीच्या अलीकडच्या एका गावात मोहनराव नावाचा जमीनदार होता. मोहनरावाच्या बापाला सगळं गाव आण्णा म्हणायचं. आण्णांनी लग्नाच्या बायकोशिवाय रतनबाई नावाची एक बाई ठेवलेली होती आणि शहादेव तिचा मुलगा. म्हणजे रक्तानं मोहनरावाचा धाकटा भाऊ, आणि गावाच्या तोंडी लेकावळा. लेकावळा शेतात राबायला चालतो, बैलं हाकायला चालतो, निरोप न्यायला चालतो. असल घराण्याच्या पंगतीला चालत नाही. त्याची पंगत वेगळी, मागच्या अंगणात, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर.

आण्णा गेले तेव्हा शहादेव विशीचा होता. तेराव्याला सगळं गाव जेवायला आलं. शहादेवनं आदल्या दिवसापासून लाकडं फोडली होती, पाणी वाहिलं होतं. ज्यानं लहानपणी खांद्यावर घेऊन शेत दाखवलं, त्या बापाचं हे शेवटचं जेवण. आज तरी आपल्याला कोण काय म्हणणार, असं त्या भोळ्याला वाटलं आणि तो पंगतीत जाऊन बसला. पान मांडलं गेलं. भाकरी आली. वाढप्यानं आमटीचा पळा ओतला, वाफ तोंडावर आली. त्यानं भाकरी चुरायला घेतली आणि वर बघतो तर मोहनराव समोर उभा.

"ऊठ," मोहनराव म्हणाला. "तुझी पंगत मागं हाय."

एवढंच. आरडाओरड नाही, शिवी नाही. कुत्र्याला हाकलताना माणूस जितका आवाज चढवतो तितकाही त्यानं चढवला नाही. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या पानात बघत राहिली. शहादेव भरल्या ताटावरून उठला. हात भाकरीच्या चुऱ्यानं माखलेला, घास एकही पोटात गेलेला नाही. मागच्या अंगणात तो गेला नाही. घरी गेला, तर रतनबाई दारात वाट बघत बसलेली. तिला तर त्या वाड्याकडं फिरकायचीही सोय नव्हती. तिनं विचारलं, "जेवलास का रे?" तो म्हणाला, "जेवलो." ती म्हणाली, "आमटी कशी झालती?" त्यानं सांगितलं, लई झणझणीत, वर हे एवढं तेल. रतनबाईला बरं वाटलं. ती पुढं दोन वर्षांनी गेली ती हे खोटं खरं धरूनच गेली आणि त्याच आठवड्यात शहादेवनं गाव सोडलं.

माणसं म्हणतात, काळ गेला की राग निवतो. शहादेवचा निवला नाही. मोंढ्यात तो हमालाचा मुकादम झाला, लग्न केलं, पोटाला चार बोटं चढली, मिशा पिकायला लागल्या. पण दरवेळी येसर आमटीची वाफ तोंडावर आली की तो वीस वर्षांचा व्हायचा आणि हात माखलेला असायचा. त्याला मोहनरावाची जमीन नको होती. वाटणी नको होती, माफी तर मुळीच नको होती. त्याला एकच गोष्ट हवी होती, चार माणसांसमोर मोहनरावाला भरल्या ताटावरून उठवायचं. ही इच्छा त्यानं पंधरा वर्षं जपली होती की ती नसती तर आपण सकाळी कशासाठी उठलो असतो, हे त्याला सांगता आलं नसतं.

आणि मग एका हिवाळ्यात त्याला कळलं की मोहनरावाचा विहिरीच्या हिश्श्याचा दावा बीडच्या अदालतीत लागलाय. बुधवारी पेशी आहे आणि मोहनराव गावातले पाच गवाह, म्हणजे साक्षीदार, घेऊन येणार आहे.

शहादेव त्या दिवशी मोंढ्यात हसला. हमालांना वाटलं, मुकादमाची तब्येत बिघडली.

त्यानं हिशेब केला तो असा. गवाहांना जेवू घालणं दावेदाराचं काम, आणि कचेरीपासून जवळ अशी जेवायची जागा एकच, रुक्मिणीबाईची. म्हणजे गवाह इथंच येणार. मोहनराव स्वतः मात्र खानावळीत जेवणार नाही. मोठ्या घरची माणसं गाडीवानांच्या मांडीला मांडी लावून जेवत नाहीत. तो पिंपळाखाली बसून घरची शिदोरी सोडेल. त्याला पाटावर बसवायचा तर एकच उपाय होता. आण्णा येसर आमटीच्या वासावर दुसऱ्याच्या गावची लग्नं गाठायचे. मोहनरावाची जीभही तीच होती. शहादेवला हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्याच्या स्वतःच्या तोंडात तीच जीभ होती.

मंगळवारी जेवून हात धुताना तो बाईला म्हणाला, "उद्या येसर आमटी करा बाई. पाव्हणे येनार हायत."

"कोन पाव्हणे?"

"माझ्या गावचे."

रुक्मिणीबाईनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. तिच्या चुलीसमोर बसून इतक्या माणसांनी आपली दुःखं ओकली होती की शहादेवच्या गावची गोष्टही कधीतरी तिच्या कानावर आली होतीच. ती म्हणाली, "आमटी करीन. पन सांगून ठिवते मुकादम, माझ्या दारात जेवत्या माणसाला कुनी उठवायचं न्हाई. तुमी असा न्हाईतर सुभेदार असो."

"मी न्हाई उठवनार," शहादेव म्हणाला. "तुमच्या माळेची आन."

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं सगळ्या बाजूंनी विचार केला होता. मोहनरावाच्या शेजारी बसायचं, त्याला चांगलं दोन घास जेवू द्यायचं आणि मग आपण कोण ते सांगायचं. मग मोहनरावाला दोनच वाटा उरतात. बसून राहिला, तर गावच्या पाच माणसांदेखत लेकावळ्याच्या पंगतीला जेवला. मग उद्या गावात शहादेवला पंगतीतून उठवायचं तोंड त्याला उरणार नाही. आणि उठला, तर भरल्या ताटावरून उठला. कुठूनही तो मरतच होता. शहादेवला त्या रात्री फार छान झोप लागली.

निजामाचा अंमल होता, त्यामुळं बुधवारी दुपारी जोहरच्या नमाजासाठी अदालत थांबली. मोहनराव गवाहांना घेऊन बोळात आला. अंगात काळा कोट, डोक्याला जरीचा रुमाल, मागं पाच शेतकरी. त्यात म्हातारा आसाराम पुढं, आणि सगळ्यात मागं बंकट, गावातला पैलवान गडी, मोहनरावाच्या शब्दाबाहेर कधीच न जाणारा. पहाटे चांदणीला गावातून निघून आलेले, सगळ्यांचे चेहरे भुकेनं उतरलेले.

"तुमी जेवा," मोहनराव म्हणाला. "मी हितं ओट्यावर बसतो."

शहादेव समोरच्या पानटपरीच्या आडोशाला उभा होता. त्यानं मुद्दाम उशीर केला होता. आत बाईनं फोडणी दिली. गरम तेलात लसूण, मग मिरची, मग येसराचं पीठ कालवलेलं पाणी. तो वास ओसरी भरून बाहेर आला. ओट्यावर बसलेल्या मोहनरावानं शिदोरीची गाठ सोडता सोडता हात थांबवला. त्यानं एकदा बोळाच्या या टोकाकडं बघितलं, एकदा त्या टोकाकडं.

"बाई, काय केलंय?"

"येसर आमटी."

मोहनरावानं शिदोरी पुन्हा बांधली. रुमाल सारखा केला, जोडे काढले आणि आपण गवाहांचं बरं-वाईट बघायला आत चाललोय असा चेहरा करून तो ओसरीत शिरला. शहादेवला बोळात उभ्या उभ्या हसू फुटलं.

मोहनराव पहिल्या पाटावर बसला. गवाह बसले, पण मालकाला अगदी खेटून कसं बसायचं म्हणून मध्ये एक पाट मोकळा सोडून बसले. ही आपल्याकडची रीत. मान द्यायचा तर एका पानाची जागा सोडायची. शहादेवनं या रीतीवरच भिस्त ठेवली होती. तो आत आला, वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि सरळ त्या मधल्या पाटावर मांडी घालून बसला. रुक्मिणीबाईनं त्याच्यापुढं पळसाची पत्रावळ ठेवली. तिच्याकडं जागा रिकामी ठेवायची रीत नव्हती.

मोहनरावानं त्याच्याकडं नजर टाकली आणि काढून घेतली. ओळखलं नाही. ओळखणार कसा? गावात होता तोवर ज्याच्या तोंडाकडं कधी बघितलंच नाही, त्याच्या मिशा वाढल्या काय आणि पोट सुटलं काय. आसारामानं मात्र ओळखलं. म्हाताऱ्याची भुवई वर गेली, मग खाली आली. त्या तेराव्याला शहादेवच्या उजव्या हाताला आसारामच बसलेला होता आणि आपल्या पानात बघत राहिलेला होता. या वेळी त्यानं पानात बघितलं नाही.

भाकऱ्या आल्या, कांदा आला, आमटी आली. सगळ्यांनी हात घातला. भुरक्यांशिवाय ओसरीत आवाज नव्हता. शहादेवनं भाकरी बारीक चुरली, मधोमध आळं केलं आणि बाईकडून आमटी त्यात ओतून घेतली. डावीकडं बघितलं तर मोहनरावानंही तसंच आळं केलेलं, तसंच काठानं दाबून घेतलेलं. आण्णा असंच करायचे. दुसरं कुणी तसं करताना शहादेवनं कधी पाहिलं नव्हतं.

"आमटी लई न्यारी हाय," मोहनराव तोंड भरून म्हणाला. चांगलं खायला मिळालं की त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे. "कोन गावचे पाव्हणे?"

"हितंच मोंढ्यात असतो."

"बाईनं बाजरी खरपूस भाजलीया बघा. लोक हितंच चुकत्यात. कच्ची ठिवत्यात, मंग आमटी चिकट हुती."

"खोबरंबी जास्त न्हाई घातलेलं," शहादेव म्हणाला.

"खोबरं घालू नेच! खोबऱ्यानं येसर मरतो." मोहनरावानं मूठ मारून कांदा फोडला आणि अर्धा शहादेवच्या पानावर ठेवला. "घ्या. कांद्याबिगर मजा न्हाई."

आता खरं सांगायचं तर या अर्ध्या कांद्यानं शहादेव घोटाळला. इतकी वर्षं त्यानं हा प्रसंग मनात घोळवला होता. त्यात मोहनराव गुर्मीत बसलेला असायचा, कधी थरथरत असायचा, कधी हात जोडत असायचा. पण हा माणूस आपल्याशी येसरावर गप्पा मारील आणि आपल्याला त्या गप्पांत गोडी वाटेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आण्णा असते तर तिघंही असेच बसले असते आणि आमटीवरून भांडले असते. दोन घासांपुरता तो निवला. तिसरा घास उचलताना त्याला रतनबाईचा चेहरा आठवला. आमटी कशी झालती म्हणून विचारणारा. आणि राग पुन्हा पेटला. हा कांदा मोंढ्यातल्या कुणा पाव्हण्याला दिलाय, तो म्हणाला मनाशी. मला कुठं दिलाय?

बाई दुसऱ्यांदा वाढून गेली. मोहनरावाचं आळं काठोकाठ भरलं. त्यानं बोटं बुडवली आणि तेव्हा शहादेव बोलला, अगदी रोजच्या आवाजात.

"दादा, आण्णांच्या तेराव्याची आमटी अशीच झालती का? मला चाखाया मिळाली न्हाई."

भुरके थांबले. मोहनरावाचा हात आमटीत तसाच राहिला. त्यानं मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा शहादेवच्या तोंडाकडं नीट बघितलं. कपाळ, नाक, हनुवटीची खाच. तिथं त्याला आपला बाप दिसला असणार, कारण चेहऱ्यावरचं रक्त खाली उतरताना स्पष्ट दिसलं.

"रतनीचा," तो म्हणाला.

"व्हय. आण्णांचाबी."

शहादेव खुश होता. लपवायचं कशाला, त्याला इतका आनंद झाला होता की हातात भाकरी आहे हेही त्याला कळेना. बस नाहीतर ऊठ, तो मनात म्हणत होता. बस नाहीतर ऊठ, माझं दोन्हीकडून काम झालंय.

मोहनराव उठला. माखलेला हात अंगापासून लांब धरून तो पाटावरून उभा राहिला. गवाहांकडं बघून म्हणाला, "उठा रे."

आणि इथं शहादेवचा हिशेब चुकला. इतका विचार करून त्यानं एक गोष्ट धरलीच नव्हती. पंगतीत एक उठला की बाकीच्यांनीही उठायचं असतं. उठत्या माणसाच्या मागं जेवत बसणं हा त्याचा अपमान. पाचही जण आता उठणार. पाच भरलेली पानं तशीच पडणार आणि मध्ये हा एकटा बसणार, स्वतःची वेगळी पंगत करून. परत मागच्या अंगणात. तिथं त्याला मोहनरावानं घालायचीही गरज नव्हती, तो आपल्या पायानं येऊन बसला होता.

बंकट उठायला लागला. दुसऱ्यानं पाण्याच्या तांब्याकडं हात नेला. शहादेवनं डोळे मिटून घेतले.

"मालक," आसाराम म्हणाला, "तुमी व्हा फुडं. मी एवढी वरपून येतो."

"मी उठलोय, दिसत न्हाई का?"

"दिसतंय की." म्हाताऱ्यानं भुरका मारला. "पन मला आता भरल्या ताटावरून उठाया जमायचं न्हाई. आन् दुसऱ्याला उठलेलं बघायाबी जमायचं न्हाई. एकदा बघितलंय. तवा माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई, खोटं कशाला सांगू." मग तो बंकटकडं वळला. "बस बे खाली. मुंडकं वर करून कावून हुबा हाईस? आमटी निवायली."

बंकटनं मालकाकडं बघितलं, मग पानाकडं बघितलं. पहाटेपासून उपाशी असलेला पैलवान तो. पानावर ती काळसर आमटी, वर तेलाचे थेंब फिरतायत. त्याचे गुडघे आपोआप वाकले. तो बसला आणि आपण बसलोय याची लाज वाटू नये म्हणून घाईघाईनं मोठा घास घेतला. मग तांब्याकडं गेलेला हात परत आला. मग सगळेच बसले, आणि भुरके पुन्हा सुरू झाले.

शहादेवनं डोळे उघडले. ओळ तशीच होती. तो ओळीत होता. मोहनराव तेवढा उभा होता.

"शहादेव," मोहनराव म्हणाला. नाव त्याला ठाऊक होतं तर. आवाज बारीक झालेला. "हे तू नीट केलं न्हाईस. चार मानसांत मला ताटावरून उठवलंस."

"मी कुटं उठवलं?" शहादेवनं वर बघितलं. "इचारा बाईला. मला तुमी उठवलं व्हतं. तुमाला कुनी बस म्हनलं न्हाई, कुनी ऊठ म्हनलं न्हाई. तुमीच बसलात, तुमीच उठलात."

रुक्मिणीबाई भाकरी थापत होती.  मोहनरावाच्या हातावर पाणी घालायलाही उठली नाही.

तेवढ्यात बोळातून वकिलाचा माणूस धावत आला. नमाज झाली, मुन्सफसाहेब येऊन बसायलेत, थोड्या वेळात पुकारा होईल, गवाह तयार ठेवा, एवढं सांगून तो आला तसा परतला.  आसारामानं हात थांबवला. पाच चेहरे मोहनरावाकडं वळले.

"मंग काय करावं मालक?" आसारामानं विचारलं. त्याचा स्वर गरीब होता, पण डोळे गरीब नव्हते. "अर्ध्या पोटी उठावं म्हनता का? उठतो. पन म्हाताऱ्या मानसाला अर्ध्या पोटी काय आठवतं आन् काय न्हाई, भरवसा न्हाई. विहीर कुनी खांदली, कवा खांदली, समदंच उलटंपालटं व्हतं."

बंकट आपल्या पानात बघून हसला. मालकासमोर तो हसल्याचं गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मोहनराव तसाच उभा राहिला. माखलेल्या हातावरची आमटी वाळायला लागली होती. आतून नव्या फोडणीचा वास येत होता आणि त्याचं पोट अर्धंच भरलं होतं; अशी चाळवलेली भूक तर उपाशी पोटापेक्षा वाईट.  या पाच तोंडांवर त्याची विहीर होती. त्यांना दुखवून चालणार नव्हतं. त्यांना हाकलून चालणार नव्हतं, आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या एकाला सोडून बाकीच्यांना काही सांगण्याची सोय नव्हती.

मग त्यानं हात जोडायला उचलले, एक हात खरकटा आहे हे ध्यानात आल्यावर डावाच छातीशी धरला, आणि यजमान पंगतीपुढं जे बोलतो ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"बसा. सावकाश होऊ द्या."

आपल्याकडं कार्य असलेला घरधनी असं म्हणतो. सगळ्या ओळीला म्हणतो, कुणाला वगळून म्हणता येत नाही. ज्याला म्हटलं त्याला त्या घराच्या पंगतीतून पुन्हा उठवता येत नाही, हे मोहनरावाला शहादेवपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणता क्षणी त्याला ते कळलंही. पण शब्द ओळीभर जाऊन पोचले होते आणि पाच गवाहांनी ऐकले होते.

शहादेवनं मान खाली घातली. त्याला वाटलं होतं की या वेळी आपण हसू, नाहीतर रडू. तसलं काही झालं नाही. त्याला नुसती भूक लागली, फार मोठी, पंधरा वर्षांची.

"बाई," तो म्हणाला, "एक भाकरी द्या. आन् आमटी वाढा."

रुक्मिणीबाईनं तव्यावरची भाकरी काढून त्याच्या पानावर टाकली. ती इतकी गरम होती की बोट लावता येईना. शहादेवनं ती निवू दिली. मग बारीक चुरली, एकेक तुकडा बघून बघून. आळं केलं, मोडलं, पुन्हा नीट केलं. आमटी ओतून घेतली आणि ती मुरायची वाट बघत बसला. बोळाच्या टोकाला कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. मोहनराव उंबऱ्यात उभा होता, हात वाळलेला, नजर पानांवर.

घरधन्यानं सावकाश होऊ द्या म्हटलं होतं. शहादेव सावकाश जेवला.